कारणाचा रकाना

पहिल्यांदा नाकाला कळतं. निलगिरी. लहानपणी सर्दी झाली की आजी रुमालाच्या टोकाला दोन थेंब लावायची, तोच वास. इथे मात्र बाटली कुठेच नाही, सगळी हवाच त्या वासाची आहे. आता डोळे उघडा. ऊन रणरणतंय. समोर पिवळसर दगडी कमानींची लांबच लांब ओवरी आणि तिच्यावर लाल कौलं. कौलं पाहून क्षणभर कोकणात आल्यासारखं वाटेल, पण पलीकडच्या टेकड्या बघा. गवत वाळून सोनेरी पडलंय, आपल्या मे महिन्यातल्या माळासारखं. ऑक्टोबर 1969. कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो, स्टॅनफर्ड विद्यापीठ.

अंगातली कॉर्डरॉयची पँट मांड्यांना चावतेय ना? चावू द्या. कपडे मी घाईत निवडले. बाजूला सरका, सायकल येतेय. मागून आणखी एक. इथल्या पोरांना घंटी वाजवायचा कंटाळा आहे आणि केस कापायचाही. कुठेतरी मेगाफोनवरून कोणीतरी ओरडतंय, शब्द भिंतींवर आपटून विरतायत. आपल्याला तिकडे जायचं नाही. त्या घोषणांवर बरीच पुस्तकं लिहिली गेली आहेत. आपण निघालोय कायद्याच्या वर्गात, जिथे आवाज कमी आणि घाम जास्त.

काखेतला ग्रंथ जड आहे, ठाऊक आहे. खटल्यांचा संग्रह आहे तो. इथे कायदा कलमांनी शिकवत नाहीत, भांडणांनी शिकवतात. अमक्याने तमक्याला मारलं, न्यायाधीशाने असं म्हटलं. आता सांगा, का म्हटलं? वर्गात शिरताना सिगारेटचा धूर डोळ्यांत जातो, कारण या काळात वर्गात सिगारेट ओढायला कोणाची ना नाही. बाकांची अर्धवर्तुळं, शंभरेक डोकी, बायका बोटांवर मोजाव्यात इतक्या. मास्तरांपुढे एक मोठा कागद आहे. त्यावर कोण कुठे बसतं त्याचा नकाशा, प्रत्येक चौकोनात एक नाव. त्यांचं बोट त्या कागदावर फिरू लागलं की शंभर माना एकदम पुस्तकात खुपसल्या जातात. आपल्या शाळेत गणिताच्या तासाला व्हायचं तेच.

नाव तुमचंच पुकारलं गेलं. उभं राहायची इथे रीत नाही, तुम्ही मात्र सवयीने उभे राहता आणि मागून कोणीतरी खुदकन हसतं. प्रश्न एवढाच, की एखाद्या गोष्टीवर बंदी घालायची तर तिचा खर्च काय? तुम्ही म्हणता, पोलिसांचे पगार. मग पुढचा प्रश्न. आणि? तुरुंग. आणि? कोर्टाचा वेळ. आणि? तुम्ही गप्प. इथे शिक्षा अशी कोणी करत नाही, हा ‘आणि’ तेवढा टोचत राहतो.

आपण आलोय जॉन कॅप्लन यांच्यासाठी. फौजदारी कायद्याचे प्राध्यापक, वय चाळीस. अंमली पदार्थांचा कायदा हा त्यांचा विषय आणि वरचा ‘आणि’ हाच त्यांचा धंदा. एक सांगून ठेवतो, त्यांच्या तोंडी मी वाक्यं घालणार नाही. वर्गातला प्रश्नही माझ्याच पदरचा, नमुन्यादाखल. ते छापून ठेवून गेलेत तेवढ्यावर आपलं भागतं.

माणूस मुळात पदार्थविज्ञानाचा पदवीधर. हार्वर्डमध्ये शिकला, मग तिथेच कायद्याकडे वळला, सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी वकील झाला. तिकडेही डोकावून येऊ, दहाच वर्षं मागे जायचंय. कॉलर वर करा, धुकं हाडात शिरतं. कोर्टाच्या दारातून आत आलं की लाकडाच्या पॉलिशचा, ओल्या लोकरीच्या कोटांचा आणि रात्र कोठडीत काढलेल्या माणसाचा वास एकमेकांत मिसळलेला. आरोपीच्या पिंजऱ्यासारखं इथे काही नसतं. आरोपी वकिलाशेजारी टेबलाशीच बसतो, उसन्या टायमध्ये. गुन्हा मादक पदार्थ विकल्याचा. 1956 च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी 5 वर्षं ठरवून दिली आहेत. न्यायाधीशाला दया आली तरी तिचा उपयोग नाही. शिक्षा तहकूब करता येत नाही, पॅरोल नाही. पंखा घरघरतो, टंकलेखक टकटक करतो, मागच्या बाकावरची बाई पर्सचं कुलूप उघडते, लावते, उघडते. मग निकाल, आणि पुढचं प्रकरण. सरकारच्या बाजूने अशी प्रकरणं चालवणाऱ्यांत हे कॅप्लन होते. गांजावाल्यांचा कैवार घेणारा प्राध्यापक म्हटलं की मोकळे केस आणि मण्यांच्या माळा डोळ्यांपुढे येत असतील तर त्या काढून टाका. हा गृहस्थ समोरच्या टेबलावरून आलेला आहे.

परत 1969 मध्ये या. घशाला कोरड पडली असेल तर कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याचा कारंजा आहे, बटण दाबा आणि तोंड वाकडं करा. पहिल्या वेळी नाकात जाणारच.

तर 1966 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने दंडसंहिता नव्याने लिहायला काही कायद्याचे प्राध्यापक नेमले. कॅप्लन यांच्या वाट्याला अंमली पदार्थांचं प्रकरण आलं. त्यांनी वाचायला घेतलं. साठवलेलं वैद्यकीय साहित्य, जुने अहवाल, अटकांचे आकडे. गांजासाठी लोकांना तुरुंगात धाडणं समाजाला गांजापेक्षा महाग पडतंय, अशा निष्कर्षाला ते आले आणि तसा मसुदा पुढे गेला. विधिमंडळाला तो काही पचला नाही. प्राध्यापकांना नारळ मिळाला. आपल्याकडच्या समित्यांचे अहवाल निदान मुदतवाढ मागत मागत थंड होतात. इथे अहवालाआधी लिहिणाराच बाहेर. हाती राहिलेल्या त्या वाचनातून 1970 मध्ये पुस्तक येणार आहे, ‘मारिवाना: द न्यू प्रोहिबिशन’. आपण आहोत त्या क्षणी ते यायचंय, म्हणून फार मोठ्याने बोलू नका.

आता ग्रंथालय. दार लोटलं की बाहेरची निलगिरी संपते आणि जुन्या डिंकाचा, पुठ्ठ्याचा वास सुरू होतो. इथे थंड आहे, बसा. समोर ठेवलंय ते पुस्तक कोरं करकरीत आहे, याच वर्षी छापलेलं, पण आतला मजकूर पाऊणशे वर्षांचा. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा 1893-94 चा अहवाल, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात पुन्हा छापलेला. प्रस्तावना जॉन कॅप्लन यांची. कठीण शब्दांची सूचीही त्यांचीच. पानं उलटा. शेजारची मुलगी कपाळाला आठ्या घालून त्या सूचीवरून बोट फिरवतेय, तुम्हाला मात्र हसू येतंय. भांग, चरस, चिलीम, माजूम. सातासमुद्रापार, या गार खोलीत, पंढरपूरच्या वाटेवरचे शब्द कायद्याच्या पोरांना पाठ करावे लागतायत! चिलीम या शब्दावर बोट ठेवा. घट्ट धरा, कारण इथून खाली एकदम उतार आहे.

धप्प.

घोड्याच्या लिदीचा वास, आणि त्यावर खारा वारा. ट्रामचे घोडे तोंडाला फेस आणून उभे आहेत, पायाखाली रूळ तापलेत, गिरण्यांच्या धुरांड्यांनी आभाळाचा खालचा पदर काळा केलाय. मुंबई, 1894 च्या सुरुवातीचे दिवस. कॉर्डरॉय गेली. अंगावर आता बाराबंदीवर चढवलेला उन्हाळी कोट, डोक्यावर पागोटं, काखेत कागदांचं भेंडोळं. तुम्ही आता कारकून आहात, नकला उतरवणारे. पागोट्याखाली घाम साचून कानशिलावरून ओघळ येतोय. पुसायला हात मोकळा नाही.

कोटातल्या एका सरकारी दालनात शिरा. वर पंखा हलतोय, म्हणजे दाराबाहेर बसलेला पंखेवाला पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून तो हलवतोय. त्याला डुलकी लागली की अख्खं कमिशन घामाघूम होतं आणि शिपाई बाहेर जाऊन खेकसतो. टेबलामागे सात खुर्च्या. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, पंजाबचे. पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी आपल्याच इलाख्यातले. वॉर्डन नावाचे एक प्राध्यापक आहेत, पण रसायनशास्त्राचे, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले. तीन सभासद हिंदी: ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. लंडनच्या पार्लमेंटात केन नावाच्या सभासदाने प्रश्न विचारला, म्हणून ही सगळी वरात देशभर फिरतेय. एकूण 1,193 साक्षीदार होणार आहेत. म्हणजे तुमच्या बोटांना घट्टे पडणार.

साक्षीदारांना आधीच 70 प्रश्नांची छापील यादी धाडलेली आहे. कोणी काटेकोर उत्तरं लिहून आणलीत, कोणी अर्धी यादी कोरी ठेवलीय. बाहेरच्या व्हरांड्यात गर्दी बघा. गांजाच्या दुकानाचा मक्तेदार सोन्याची साखळी सावरत बसलाय. त्याच्या शेजारी अंगाला राख फासलेला बैरागी, मांडी घालून, डोळे मिटून. त्याच्या जटांतून जो वास येतोय त्यासाठी कमिशन नेमायची गरज नाही. पलीकडे एक मिशनरी डॉक्टर रुमालाने नाक झाकून उभे. मक्तेदाराच्या हातातली कागदाची पुडी नमुन्याची आहे. उघडून दाखवतोय तर बघून घ्या: हिरवट-तपकिरी, कोंबाकोंबांचे चपटे झुबके. नगर जिल्ह्यात याचं पीक होतं. नर झाडं वेळेवर उपटून टाकावी लागतात, नाहीतर मादी झाडाला बी धरतं आणि गांजा बिघडतो, एवढं इथला प्रत्येक मक्तेदार झोपेतही सांगेल. बोटांनी चिमटलंत ना? आता तो चिकटा दिवसभर जाणार नाही आणि शाईची दौत धराल तिथे ठसा उठेल.

एकेकाला आत बोलावतात. ऐका. कोणी म्हणतं, गरीब मजूर थंडीवाऱ्यात याच्यावर तगतो. कोणी म्हणतं, याने माणूस वेडा होतो. स्वतः पाहिलंत का? नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. कोणाकडून ऐकलं? असं म्हणतात. कोण म्हणतात? इथे साक्षीदार पंख्याकडे बघतो. हा ‘असं म्हणतात’ तुमच्या कागदावर इतक्यांदा उतरणार आहे की शेवटी तुम्ही त्याला एखादी खूण ठरवून टाकाल. माझा अंदाज आहे की अहवालाच्या 7 खंडांतली निदान काही पानं त्या दोन शब्दांनीच भरली असावीत, पण हा आपला कारकुनी अंदाज.

मुंबईचे कस्टमचे साहेब जे. एम. कॅम्पबेल यांनी तर वेगळीच तऱ्हा केली. इलाख्याची गॅझेटियरं तयार करणारे तेच हे कॅम्पबेल. त्यांनी भांगेच्या देवभक्तीवर एक टिपणच लिहून धाडलं. शंकर, भांग, फकीर, पूजा, मन्नत. अबकारीच्या आकड्यांच्या मधोमध ते परिशिष्ट म्हणून छापलं गेलं आणि अजून तिथे आहे, जमाखर्चाच्या वहीत कोणी अभंग लिहून ठेवावा तसं.

पण खरी मेख 45 व्या प्रश्नात आहे. बेताने घेणाऱ्याच्या शरीरावर, मनावर, वर्तनावर याचा वाईट परिणाम होतो का? आणि त्याच्या पोटात दुसरा, की याने वेड लागतं का? डॉक्टर लोक खिशातून आकडे काढतात. वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते आहेत, छापील, सहीशिक्क्यासकट. त्यात रुग्णाचं नाव, जात, वय आणि एक रकाना ‘वेडाचं कारण’. इतक्या जणांच्या नावापुढे ‘गांजा’. आता बोला!

कमिशनचे लोक बोलले नाहीत, त्यांनी वह्या मागवल्या. मला सगळ्या प्रवासात हीच जागा सगळ्यात आवडते, म्हणून जरा रेंगाळू या. 1892 या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी ज्यांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस लिहिलं होतं अशी 222 प्रकरणं त्यांनी काढली. एकेकाचा कागद कुठून आला ते उलट्या वाटेने शोधलं. इस्पितळाच्या वहीत मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून, मॅजिस्ट्रेटच्या कागदात पोलिसाच्या कागदावरून. मग माणसं पाठवून गावात, घरी, भावाबहिणींकडे चौकशी. कोणाला फेफरं होतं. कोणाचं घराणंच तसलं. कोणी आयुष्यात चिलमीला हात लावलेला नाही. चौकशीअंती 222 मधली 98 उरली, आणि त्यांतल्याही कित्येकांत गांजाच्या जोडीला दुसरी कारणं होतीच. गादीतून काढून कापूस पिंजायला घ्यावा आणि अर्ध्याहून अधिक धूळच निघावी, तसं झालं.

कमिशनने लिहिलं की बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सरसकट बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. कर लावा, परवाने द्या, आवरून धरा. शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांना हे पटलं नाही, त्यांनी आपली भिन्न मतं वेगळी नोंदवली. म्हणजे इंग्रज सभासद गांजाला सांभाळून घेतायत आणि विरोध दोघा हिंदी सभासदांचा, हा देखावाही तुमच्या डोळ्यांदेखतच. आपल्याला वाटतं तशी माणसं इतिहासात रांगेत उभी राहत नाहीत.

जाता जाता एक. त्या अहवालात भांग, गांजा आणि चरस यांचे जसे निरनिराळे कप्पे आहेत, तसेच आपल्या 1985 च्या केंद्राच्या कायद्यातही राहिले. गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडा. त्याच्याशिवायची नुसती पानं आणि बी व्याख्येच्या बाहेर. महाशिवरात्रीला पाट्यावर जे वाटलं जातं ते या फटीतून वाट काढतं.

पंखेवाल्याला पुन्हा झोप लागली. निघू या. वाटेत एक थांबा आहे, कंटाळा आला तर मला सांगू नका.

एप्रिलअखेर 1937, वॉशिंग्टन. टाचांखाली गुळगुळीत संगमरवर, नाकात चुरुटाचा धूर, कोपऱ्यात पितळी पीकदाणी आणि तिच्या भोवती नेम चुकल्याच्या खुणा. कडक कॉलर मानेला कातरते. प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीपुढे गांजावर कर बसवायच्या विधेयकाची सुनावणी चाललीय, आणि कर म्हणजे इथे बंदीचं टोपणनाव. नोंदणी नसलेल्याला औंसामागे 100 डॉलर. एवढा कर भरून गांजा घेणारा तो चंगळवादी कोण, देव जाणे. नार्कोटिक्स खात्याचे आयुक्त हॅरी अन्स्लिंगर आले आहेत, आडव्या बांध्याचे, टक्कल चकाकतंय. त्यांच्या हातात वर्तमानपत्रांतल्या रक्तबंबाळ बातम्या.

मधल्या एका सत्रात तर पक्ष्यांच्या दाण्याचे व्यापारी येऊन गेले. गांजाचं बी म्हणजे त्यांच्या कबुतरांचं खाद्य. कोणी विचारलं, पाखरांना नशा चढते का हो? व्यापारी म्हणाला, तसं कधी दिसलं नाही. पिसं मात्र छान येतात. खोलीत हशा पिकला. आणि कायद्यात खरोखरच सवलत आली: न उगवणारं बी मोकळं. त्या काळातल्या सगळ्या साक्षींमध्ये कबुतरांचीच बाजू सर्वांत नीट ऐकून घेतली गेली, असं मला वाटतं.

मग 4 मे. उठलेत ते डॉ. विल्यम वुडवर्ड, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे. डॉक्टरही आणि वकीलही. वय झालंय, आवाज शांत. ते विचारतात, कैद्यांत गांजा ओढणारे किती, हे सांगायला तुरुंगखात्याचं कोणी इथे का नाही? मुलं बिघडतायत म्हणता, तर बालकल्याण खात्याचा माणूस कुठाय? शाळांतून फैलाव आहे, तर शिक्षणखात्याने काही पाहिलंय का? कात्रणांवर विसंबू नका, मूळ पुरावा आणा. खोलीतली हवा बदलते, तुम्हालाही कळेल. खुर्च्या करकरतात. सभासद पुराव्याबद्दल बोलायचं सोडून डॉक्टरांनाच धारेवर धरतात: तुम्ही कोण, कोणाच्या वतीने आलात, मदत करायची नसेल तर आलात कशाला? पुढे सभागृहात कोणीतरी विचारतं, हे विधेयक कसलं आहे. उत्तर मिळतं, मारिवाना नावाच्या कशाचं तरी. एक प्रकारचं मादक द्रव्य असावं. डॉक्टरांच्या संघटनेचं मत काय? त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे, असं ठोकून दिलं जातं, आणि डॉक्टरांचं नावही चुकीचं घेतलं जातं. कारकून निमूटपणे तेच उतरवून घेतो. त्याची काय चूक?

या दिवशी आपले प्राध्यापक सात-आठ वर्षांचे आहेत. कुठेतरी गोट्या खेळत असतील.

आता पुन्हा कॅलिफोर्निया, पण वर्षं भराभर उलटू देत. कायद्याची शाळा 1975 मध्ये जुन्या दगडी ओवरीतून नव्या इमारतीत गेली. सिगारेटचा धूर विरळ झाला, विजारींचे घेर आवळले, टाइपरायटरच्या जागी हळूहळू हिरव्या अक्षरांचे पडदे आले. कॅप्लन यांच्या मारिवानावरच्या पुस्तकाने पोरं खूश झाली असणार: दारूसारखा परवाना द्या, विका, कर घ्या, आवर घाला. पुढे 1983 मध्ये हेरॉइनवर पुस्तक आलं, ‘द हार्डेस्ट ड्रग’. तीच वही, तेच रकाने, तोच ‘आणि?’. पण बेरीज वेगळी आली. हेरॉइन मोकळं सोडलं तर घेणारे किती वाढतील याचा भरवसा देता येत नाही, आणि चूक झाली तर ती मागे घेता येत नाही. म्हणून तिथे त्यांनी हात आखडता घेतला. 1988 मध्ये कोकेन कायदेशीर करा अशी हाकाटी चाललेली असताना एका नियतकालिकात लेख लिहून ते म्हणाले, नको. पहिल्या पुस्तकावर टाळ्या पिटणाऱ्यांनी इथे भुवया उंचावल्या असतील. मला मात्र याच वळणावर माणूस आवडू लागला. गांजाला ‘हो’, हेरॉइनला बिचकत ‘नाही’, कोकेनला ‘नाही’: अशा गृहस्थाला कुठल्या मोर्चात उभं करणार? मोर्चाला एकच घोषणा लागते.

दरम्यान 1980 मध्ये ते थेट तैवानला गेले. तिथल्या लष्करी न्यायालयात काओशुंग शहरातल्या निदर्शनांच्या प्रकरणातले आरोपी उभे होते. खटला पाहून आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. गांजाशी त्याचा काही संबंध नाही, तरी सांगितलं. आरोप कुठून आला आणि तो कागदावर कसा चढला, हे बघायला हा माणूस किती लांब जात असे ते कळावं म्हणून.

1989 च्या नोव्हेंबरमध्ये कॅप्लन गेले. साठीचं वय.

परतायचं? अजून एक हेलपाटा राहिलाय. दालनात कमिशनपुढे तुम्ही ती 222 प्रकरणं ऐकलीत, पण रकाना भरताना काही पाहिला नाहीत. दोन वर्षं मागे चला. 1892, मुंबई, श्रावण उतरणीला लागलाय. पाऊस थांबलाय आणि त्यामुळेच जास्त उकडतंय. पोलिसांच्या कचेरीत भिंतींना पोपडे आलेत, ओल्या चामड्याच्या पट्ट्यांचा आणि रॉकेलच्या दिव्याचा वास कोंडलाय. पागोटं पुन्हा डोक्यावर, हातात टाक, पुढ्यात दौत, टीपकागद आणि छापील फॉर्म. आज वर्णनाचा कागद तुम्हीच भरायचाय. तो कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात माणसाबरोबर जाईल.

माणूस समोर उकिडवा बसलाय. तिशीचा असेल, पस्तिशीचाही असेल. केसांत वाळू, पायांना भेगा, ओठ हलतायत. जे बोलतोय ते मराठी नाही, गुजराथी नाही, हिंदुस्तानीही नाही. तेलुगू असावं; कचेरीत कळणारं कोणी नाही. मधेच हसतो, मग भिंतीकडे तोंड करून रडतो. माश्या त्याच्या गुडघ्यावरच्या जखमेवर बसतात, उठतात.

नाव? ठाऊक नाही. तुम्ही लिहिता, अज्ञात. वय सुमारे 30. धर्म हिंदू, असं धरून चालू. धंदा भिकारी. राहणार, अज्ञात. टाक पुढे सरकतो आणि थांबतो. कारण.

“काय झालं भाऊसायेब?” हवालदार दारातून विचारतो. त्याला जेवायला जायचंय.

“याचं कारण काय लिहायचं?”

“लिवा की गांजा. कमरेला चिलीम गावली हाय.” तो चिलीम टेबलावर ठेवतो. मातीची, कड उडालेली, बुडाशी गुंडाळलेली छापी वाळून कडक झालेली. तुम्ही ती उचलता आणि नाकाशी नेता. जळक्या तंबाखूचा वास येतोय, आणि थोडा गुळाचा. मघाशी मक्तेदाराच्या पुडीचा जो चिकटा बोटांना लागला होता, त्याच्यासारखं काही नाही. पण तुमचं नाक म्हणजे काही पुरावा नव्हे, आणि तो मक्तेदार तर अजून दोन वर्षांनी भेटायचाय.

“मोकळं सोडलं तर चालंल का?” तुम्ही विचारता.

“मोकळा रकाना सायबाला खपत न्हाई. परत येतोय कागद.” हवालदार पट्टा सैल करतो. “आवरा आता.”

बाहेर बग्गीची चाकं दगडांवर खडखडतात, साहेब आले बहुतेक. उकिडवा बसलेला माणूस तुमच्याकडे बघतो आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. कोणाचं नाव असेल, किंवा गावाचं, किंवा पाणी मागत असेल. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमलाय, आता तो पडणार.